लुत्रोला जायचंय? मग आधी बोटीचं टाइमटेबल बघा

ग्रीसला पहिल्यांदा निघालात की जो तो सांतोरिनी सांगतो. सांतोरिनी सुंदर आहे, वादच नाही, पण तिथे सूर्यास्त बघायलासुद्धा गर्दीत जागा धरावी लागते. तुम्हाला चार-पाच दिवस फक्त डुंबायचं, खायचं, झोपायचं आणि उठून परत डुंबायचं असेल तर क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं लुत्रो बघा. छोटंसं अर्धगोल आखात, त्याच्या काठाने पांढरी घरं, निळ्या खिडक्या, मागे सरळ उभा डोंगर आणि समोर लिबियन समुद्र, म्हणजे भूमध्य समुद्राचा क्रीट आणि आफ्रिका यांच्यामधला भाग. गावात गाडीरस्ता येतच नाही. बोटीने या नाहीतर पायी या, तिसरा पर्याय नाही, आणि गाव अजून शांत राहिलंय ते त्यामुळेच.

खालचं सगळं पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लिहिलंय. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा, या सहलीत सगळं बोटीवर आणि वाऱ्यावर ठरतं. खोली, विमान, बस, अगदी जेवणाची वेळसुद्धा त्याच्या मागून येते.

पहिलं काम: महिना ठरवा

मे ते ऑक्टोबर हा इथला सीझन. नोव्हेंबर उजाडला की बहुतेक खोल्या आणि टॅव्हर्ना (म्हणजे तिथली घरगुती खाणावळ) बंद होतात आणि बोटीही कमी होतात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर त्या वर्षी दिवाळी कधी येते ते बघा, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असेल तर ठीक, नाहीतर सोडून द्या. आपल्या शाळांच्या सुट्टीचा मे महिना मात्र बरोब्बर जमतो. हवा छान असते, डोंगरावर अजून थोडी हिरवळ असते, पाणी जरा गार लागतं पण पाच मिनिटात सवय होते. फक्त ग्रीक ईस्टर बघून घ्या, त्यांचा ईस्टर बऱ्याचदा आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरपेक्षा वेगळ्या तारखेला येतो (२०२७ साली तो २ मेला आहे) आणि त्या आठवड्यात सगळा देश गावाकडे निघालेला असतो. तसंच १५ ऑगस्ट. आपला स्वातंत्र्यदिन, त्यांचा मेरीमातेचा मोठा सण, तेव्हा खोली मिळणं अवघड. मला विचाराल तर सप्टेंबर. उन्हाळाभर तापून पाणी मस्त कोमट झालेलं असतं, गर्दी ओसरलेली असते. जुलै-ऑगस्टला ऊन नकोसं होतं आणि वाराही जास्त.

व्हिसा

ग्रीस शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, म्हणजे नेहमीचा शॉर्ट स्टे शेंगेन व्हिसा. जायच्या आधी जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस अर्ज करता येतो, पण १५ दिवसांच्या भरवशावर कोणी राहू नये, अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही, सर्व्हिस चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा लागतो. पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला हवा आणि परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा हवा. सोबत इटली-फ्रान्स जोडणार असाल तर जिथे सर्वात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

इथे छोट्या गावाची म्हणून एक वेगळी अडचण येते. लुत्रोतल्या बऱ्याच खोल्या घरच्या माणसांनी चालवलेल्या असतात, मोठ्या बुकिंग साइटवर सगळ्या दिसतीलच असं नाही. अशा ठिकाणी थेट ईमेल करा आणि उत्तरात सगळ्यांची पासपोर्टप्रमाणे पूर्ण नावं, तारखा, पत्ता असं सगळं असलेलं पत्र मागून घ्या. "येस, रूम ओके, सी यू" एवढा ईमेल व्हिसाच्या फाइलला लावून काही उपयोग नाही.

पोचायचं कसं, इथेच खरी गोम आहे

एकूण टप्पे चार. भारतातून अथेन्स, अथेन्सहून हानिया, हानियाहून बसने होरा स्फाकियोन, तिथून बोटीने लुत्रो. नकाशात आणि तिकिटावर स्पेलिंग "चानिया" वाचाल, तोंडाने सगळे हानियाच म्हणतात, बस स्टँडवर विचारताना हे लक्षात ठेवा.

अथेन्सहून हानियाला विमानाने साधारण पाऊण-एक तास लागतो. दुसरा रस्ता म्हणजे पिरेयस बंदरातून रात्रीची मोठी फेरी, ती पहाटे हानियाजवळच्या सूदा बंदरात सोडते. मला फेरी आवडते, एका रात्रीचं हॉटेल वाचतं, केबिन घेतली तर झोपही होते आणि सकाळी सकाळी बस स्टँडवर हजर. अथेन्स विमानतळावरून पिरेयसला एक्स ९६ नंबरची बस जाते, मेट्रोही जाते. विमान दुपारनंतर उतरत असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा, इमिग्रेशनची लाइन किती असेल ते सांगता येत नाही.

हानियाचा एसटी स्टँड (तिकडच्या बसकंपनीला केटेल म्हणतात) शहराच्या मध्यातच आहे. होरा स्फाकियोनच्या बस दिवसाला मोजक्याच. साधारण ७० किलोमीटर अंतर पण दीड-पावणेदोन तास, कारण मध्ये व्हाइट माउंटन्सचा घाट. व्रिसेस गाव गेलं की चढ सुरू, मग अस्किफूचं सपाट पठार लागतं, आणि इम्ब्रोस ओलांडलं की एकदम खाली समुद्र दिसतो आणि रस्ता एकामागून एक हेअरपिन वळणं घेत उतरायला लागतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी व्रिसेसच्या आधीच घ्या, वळणं सुरू झाल्यावर घेऊन काही होत नाही. आणि बसमध्ये उतरताना समुद्राच्या बाजूची खिडकी मिळाली तर सोडू नका, पण उंचीची भीती असेल तर मुद्दाम दुसरी घ्या.

भाड्याची गाडी घ्यायची का? आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलं असेल आणि उजव्या बाजूने चालवायची सवय असेल तर घ्या, पण गाडी होरा स्फाकियोनला ठेवूनच पुढे जावं लागतं, मग ती तिथे चार दिवस नुसती उभी आणि तुम्ही भाडं भरताय. फक्त लुत्रोच करायचं असेल तर बसच बरी.

आता बोट. दक्षिण किनाऱ्यावरच्या फेरी अनेंदिक नावाची कंपनी चालवते. होरा स्फाकियोन ते लुत्रो अर्ध्या तासाच्या आतबाहेर. तीच बोट पुढे आया रुमेलीला जाते. टाइमटेबल महिन्याप्रमाणे बदलतं, त्यामुळे कोणाच्यातरी तीन वर्षांपूर्वीच्या स्क्रीनशॉटवर प्लॅन करू नका, कंपनीच्या साइटवर त्या आठवड्याचं बघा आणि आधी बोट, मग बस, मग विमान अशा उलट्या क्रमाने तारखा बसवा. संध्याकाळची शेवटची बोट चुकली तर होरा स्फाकियोनला रात्र काढावी लागते. तेही काही वाईट गाव नाही, खोल्या आहेत, जेवण चांगलं मिळतं. मे १९४१ च्या शेवटी जर्मन सैन्याने क्रीट घेतलं तेव्हा ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे हजारो सैनिक हाच घाट उतरून याच छोट्या बंदरातून इजिप्तला निसटले, त्याचं स्मारक धक्क्याजवळ आहे, बोटीची वाट बघताना बघून होतं.

बोटीत चढणं-उतरणं हा एक छोटा कार्यक्रमच असतो. लुत्रो जवळ आलं की सगळ्यांनी खाली गाड्यांच्या डेकवर येऊन उभं राहायचं, पुढचा लोखंडी दरवाजा कर्रकर्र करत खाली जातो आणि पूर्ण टेकायच्या आतच माणसं बॅगा उचलून तयार, समोरून चढणारे वाट बघतायत, मध्येच कोणीतरी टोमॅटोचे क्रेट आणि पावाच्या पिशव्या उतरवतंय. बोट जेमतेम दोन-चार मिनिटं थांबते. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना आधीच खाली आणून बसवा, वरच्या डेकवरून धावपळ करत उतरवू नका, जिने अरुंद आणि उभे आहेत.

आणि वारा. उन्हाळ्यात एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो, तो डोंगर ओलांडून दक्षिण किनाऱ्यावर झटक्याझटक्याने खाली कोसळतो. जोर फार वाढला की बोटी बंद. लोक हवामानाबद्दल बोलताना बोफोर म्हणतात, "उद्या सात बोफोर आहे" वगैरे, म्हणजे वाऱ्याच्या ब्यूफोर्ट स्केलचा आकडा (आपल्याला तोफाच आठवतात, चालायचंच). असं ऐकलं की टॅव्हर्नावाल्यांना विचारा उद्याची बोट जाईल का, त्यांचा अंदाज ॲपपेक्षा बरा असतो. हे आजचं नाही, बायबलमध्ये सेंट पॉलला रोमला नेणाऱ्या जहाजाने हिवाळा काढायला ज्या फीनिक्स बंदराकडे निघायचं ठरवलं ते इथलंच, लुत्रोच्या शेजारच्या खाडीला अजून फिनिकास म्हणतात. वाऱ्याने ते जहाज बंदराला लागूच दिलं नाही, थेट माल्टाला नेऊन फोडलं. तेव्हा परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळी लुत्रोहून निघायचा प्लॅन करू नका. आदली रात्र हानियालाच.

किती रात्री

चार तरी. दोन रात्रींसाठी एवढा प्रवास करू नका, पहिला दिवस पोचण्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी निघायची तयारी. "बघायला" इथे फारसं नाही हे घरच्यांना आधी नीट सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी कोणीतरी विचारणारच, आता पुढे काय.

खोली

बहुतेक खोल्या टॅव्हर्नाच्या वरच असतात. समोरची घेतली तर समुद्र पायाखाली पण रात्री अकरापर्यंत खालच्या गप्पा ऐकू येणार, मागची घेतली तर शांत पण जास्त पायऱ्या. गुडघे दुखणारं कोणी असेल तर किती पायऱ्या आहेत हे ईमेलमध्ये स्पष्ट विचारा, लिफ्टची अपेक्षा नको. चेक-इनला एक सरकारी टॅक्स वेगळा घेतात, एप्रिल ते ऑक्टोबर एक-दोन स्टारच्या हॉटेलला खोलीमागे रात्रीला २ युरो, तीन स्टारला ५, वर अजून जास्त. तो कोणी लुबाडत नाहीये, सगळीकडे आहे.

बाथरूमबद्दल स्पष्टच लिहितो. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, बाजूच्या झाकणाच्या डब्यात टाकायचा, पाइप बारीक असतात. ग्रीसमध्ये बहुतेक ठिकाणी हेच. आणि जेट स्प्रे नसतो. एक हलका प्लास्टिकचा मग बॅगेत टाका, सगळे मनातल्या मनात दुवा देतील.

पैसे

लुत्रोत बँक नाही. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं पण हानियातच पुरेशी रोख काढून ठेवा, छोट्या टॅक्सी-बोटीवाल्याला आणि किरकोळ खर्चाला लागते. यूपीआयच्या भरवशावर राहू नका. एटीएम किंवा कार्ड मशीन "रुपयात घेऊ की युरोत" असं विचारेल तेव्हा डोळे झाकून युरो दाबा, रुपयाचा पर्याय सोयीचा वाटतो पण त्याचा रेट नेहमी वाईट.

बॅगेत काय

चाकाची मोठी सुटकेस आणू नका, किंवा आणली तर हानियातल्या हॉटेलमध्ये ठेवा, परत तिथेच तर यायचंय. लुत्रोला पाठीवरची बॅग. बीच वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, अनवाणी चालताना जीव जातो, त्यामुळे रबरी तळव्याचे पाण्यात घालायचे शूज पाहिजेतच. खडकांवर काळे काटेरी समुद्री अर्चिन चिकटलेले असतात, त्यांच्यासाठीही तेच शूज. पोहायचा चष्मा घ्या, पाणी इतकं स्वच्छ आहे की नुसतं तोंड बुडवून तरंगण्यात तास जातो. बाकी टोपी, सनस्क्रीन, डासांचं काहीतरी, नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट (गावात फार्मसी मिळेल असं धरू नका), युरोपियन गोल दोन पिनांचा ॲडॅप्टर. चर्चमध्ये जाताना खांदे-गुडघे झाकणारी एक ओढणी किंवा पंचा.

खाणं

शाकाहारी लोकांनी घाबरायचं काही कारण नाही, उलट क्रीटसारखं सोपं ठिकाण युरोपात कमी. तेलात मंद शिजवलेल्या भाज्यांना लादेरा म्हणतात, मेनूत तो वेगळा भागच असतो. ब्रियाम म्हणजे ओव्हनमधली मिक्स भाजी, गिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचा घट्ट गोळा वरून कांदा आणि ऑलिव्ह तेल, दाकोस म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि चीज, होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी लिंबू पिळून. हानिया भागात बुरेकी मिळतं, झुकिनी-बटाटा-चीज-पुदिन्याचं, ते सोडू नका. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, पण त्यात कधी खिमा असतो, तेव्हा "होरिस क्रेआस" असं विचारा, म्हणजे मांसाशिवाय. त्यांच्या उपवासाच्या पदार्थांना निस्तीसिमो म्हणतात, त्यात मांस, दूध, अंडं नसतं, पण कोळंबी-कालवं चालतात आणि कांदा-लसूण तर असतोच, त्यामुळे जैन मंडळींनी तेवढ्यावर विसंबू नये.

स्फाकियाची, म्हणजे लुत्रोच्या या भागाची, खास गोष्ट म्हणजे स्फाकियानी पिता. कणकेच्या गोळ्यात मिझिथ्रा चीजचा गोळा भरतात, तोंड बंद करतात आणि हलक्या हाताने पातळ लाटून कोरड्या तव्यावर भाजतात, बघताना अगदी पुरणपोळीच. वर रानटी थाइमचा मध ओततात. पहिला घास कडेचा नको, मधला घ्या, तिथे चीज वितळून मधात मिसळलेलं असतं.

मासे खाणाऱ्यांसाठी दोन सूचना. मोठा मासा किलोवर विकतात, मेनूतला आकडा एका प्लेटचा नसतो, म्हणून आत जाऊन बर्फावरचा मासा स्वतः बघा आणि वजन करून भाव विचारा, त्यात कोणी वाईट मानत नाही. फ्रोझन असेल तर मेनूत नावापुढे चांदणी असते. तळलेले छोटे मारिदेस स्वस्त आणि मस्त, डोक्यासकट अख्खे खायचे.

पाव न मागता येतो आणि बिलात लागतो. जेवण झाल्यावर न मागता राकी (तिकडे चिकुदिया म्हणतात) आणि काहीतरी गोड येतं, ते मात्र फुकट, मालकाकडून. राकी घ्यायची नसेल तर छातीवर हात ठेवून हसून नको म्हणा, पुरे. रात्रीचं जेवण नऊला सुरू होतं, मुलं असतील तर साडेसातला बसा, रिकामं असतं आणि किचन चालू असतं.

गावाची वेळ

ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी ३ ते साडेपाच आणि रात्री ११ ते सकाळी ७ या शांततेच्या वेळा आहेत, कायद्यानेच. आपला बारा जणांचा ग्रुप असेल तर हे सगळ्यांना नीट सांगा, दुपारी गॅलरीत स्पीकर लावून गाणी आणि पत्त्यांचा आरडाओरडा चालत नाही. व्हिडिओ कॉलसुद्धा इअरफोन लावून, आखात अर्धगोल असल्यामुळे एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. दुपारी दिवसभरापुरते येणारे लोक असतात, ते संध्याकाळच्या बोटीने गेले की गाव आपलं. समुद्रात बुडणारा सूर्य गावातून दिसत नाही, मध्ये टेकडी येते, त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं चालून पलीकडे फिनिकासला जा, परत येताना टॉर्च लागेल.

चालायचं असेल तर

सकाळी लवकर, माणशी निदान दीड-दोन लिटर पाणी, कारण सावली जवळजवळ नाहीच. फिनिकास, मग लिकोस, मग मार्मारा बीच असा किनाऱ्याने रस्ता आहे, रमतगमत दीड तास. मार्माराला आरादेनाची घळ समुद्राला मिळते, गुळगुळीत पांढऱ्या दगडांच्या छोट्या गुहा आहेत. जाताना चाला, येताना छोटी बोट घ्या, दुपारी त्याच वाटेने परत चढायचा हट्ट नको.

दुसऱ्या बाजूला ग्लिका नेरा, म्हणजे गोड्या पाण्याचा बीच, तिथे खडे हाताने बाजूला केले की खालून गार गोडं पाणी झिरपतं, अगदी समुद्राच्या काठाला. कड्याच्या पायथ्याशी पथारी टाकू नका, वरून दगड सुटतात. आणि तिथे काही लोक कपड्यांशिवाय ऊन खात पडलेले असतात, सासू-सासरे सोबत असतील तर आधी कल्पना द्या म्हणजे ऐनवेळी गडबड नको.

मागच्या डोंगरावर अनोपोली गाव आहे, साधारण ६०० मीटर वर. तिथे दास्कालोयानिस या स्थानिक पुढाऱ्याचा पुतळा आहे, त्याने १७७० मध्ये तुर्कांविरुद्ध बंड केलं आणि पुढच्या वर्षी तुर्कांनी त्याला सोलून मारलं, हानियाच्या विमानतळाला त्याचंच नाव आहे. लुत्रोहून वर चढणं दमवतं, त्यापेक्षा होरा स्फाकियोनहून गाडीने वर जा आणि नागमोडी वाटेने खाली लुत्रोला उतरा.

समारियाची प्रसिद्ध १६ किलोमीटरची घळ करायची असेल तर ती लुत्रोला जायच्याच दिवशी बसवता येते. हानियाहून पहाटेची बस, घळ उतरून आया रुमेली, तिथून संध्याकाळच्या बोटीने लुत्रो. बाकीचे सगळे दमून हानियाची बस पकडायला पुढे जातात, तुम्ही मध्येच उतरून आंघोळीला. फक्त पाठीवर हलकी बॅग हवी आणि गुडघे धड हवेत, उतार संपतच नाही. फार उष्णता किंवा पाऊस असला की घळ बंद ठेवतात, आदल्या दिवशी चौकशी करा.

परतताना

सकाळच्या बोटीने निघा म्हणजे होरा स्फाकियोनची बस आरामात मिळते. बहुतेक वेळा बस बोटीशी जुळवलेली असते पण बोटीतून उतरून फोटो काढत बसू नका, आधी बसमध्ये जागा धरा. हानियाला जुन्या व्हेनिशियन बंदराजवळ एक रात्र, खरेदी तिथेच. मध, ऑलिव्ह तेल, जवाचे टोस्ट. मध हा विमानात द्रवच धरतात, त्यामुळे बाटली कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत, केबिन बॅगेत ठेवली तर सिक्युरिटीला काढून घेतील.